वेटरचा पगार आणि टिप: महिन्याला खरोखर हाती किती पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा वीस वर्षांचा धाकटा भाऊ गावाकडून पुण्यात कामाला येत आहे आणि त्याला दोन ठिकाणी वेटरचे काम मिळू शकते. पहिले ठिकाण शहरातले फॅमिली रेस्टॉरंट असून तिथे पगार १५,००० रुपये, त्यातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची कपात, ड्युटीवर दोन वेळचे जेवण आणि टिपमधला वाटा असे सांगितले आहे. दुसरे ठिकाण महामार्गालगतचे परमिट रूम असून तिथे १०,००० रुपये रोख, राहणे-खाणे मालकाचे आणि ‘टिप वीस हजारांपर्यंत सुटते’ असे आश्वासन आहे. वेटरला पगार आणि टिप मिळून खरोखर किती मिळतात आणि यांतले कोणते ठिकाण निवडावे, असे तुम्ही विचारले आहे. अमेरिकेत वेटरची टिप पगाराहून जास्त असते, मग आपल्याकडे तसे का नाही, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी या व्यवसायात हेल्परपासून सुरुवात केली, पुढे वेटर आणि कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) झालो आणि आता बरीच वर्षे रेस्टॉरंट मॅनेजर म्हणून मुलांची नेमणूक, हजेरी आणि टिपचा हिशोब पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की ‘टिप किती मिळते’ या प्रश्नाला कोणीही एक आकडा सांगितला, तर तो त्याच्या सर्वांत चांगल्या महिन्याचा आकडा असण्याचीच शक्यता जास्त असते. डिसेंबरमधला शनिवार सगळ्यांच्या लक्षात राहतो, जुलैतला मंगळवार कोणी सांगत नाही. म्हणून खरा प्रश्न असा धरावा की बारा महिन्यांत भरवशाने किती पैसे येतील, त्यासाठी रोज किती तास उभे राहावे लागेल आणि टिपच्या पैशांवर ताबा कोणाचा असेल.

प्रथम पगाराकडे पाहू. पुण्यातल्या मध्यम दर्जाच्या रेस्टॉरंटांमध्ये नवख्या मुलाला साधारण १२ ते १५ हजार, दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर १६ ते २० हजार आणि चांगल्या कॅप्टनला २० ते ३० हजार रुपये मिळताना मी पाहतो. हे माझ्या पाहण्यातले आकडे आहेत. भाग, रेस्टॉरंटचा दर्जा आणि मुलाला ऑर्डर घेण्यापुरते हिंदी-इंग्रजी येते की नाही, यांवर ते बदलतात. हॉटेल-रेस्टॉरंटांतील कामगारांसाठी राज्य सरकारचे किमान वेतन ठरलेले असते. ते परिमंडळानुसार वेगळे असते आणि त्यातला विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. त्यामुळे मागच्या वर्षीचा आकडा घेऊन बसू नका, कामगार आयुक्तालयाचे चालू पत्रक पाहा आणि दोन्ही ठिकाणचा पगार त्याच्याशी ताडून घ्या. परमिट रूमचा मालक म्हणेल की राहणे-खाणे धरले तर पगार पंधरा हजारांच्या घरात जातो, पण दिलेल्या खोलीची किंमत वेतनात मोजली जात नाही, हे लक्षात असू द्या.

टिप मिळते म्हणून पगार कमी, हा युक्तिवाद तुमच्या भावालाही ऐकावा लागेल. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच तो अमान्य केला होता. टिप ग्राहकाच्या खिशातून येते, व्यवस्थापनाच्या खिशातून नाही, म्हणून ती वेतनाचा भाग धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. अमेरिकेशी आपला फरक नेमका इथेच आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरून ताशी ७.२५ डॉलरचे किमान वेतन पूर्ण होत नसेल, तर उरलेली रक्कम मालकाने भरायची असते. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये अशी सूट देत नाहीत, पण बऱ्याच राज्यांत ती कमी-अधिक प्रमाणात आहे, म्हणून तिथला ग्राहक बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देणे हे आपले कर्तव्य मानतो. आपल्याकडे कायद्याने पगार पूर्ण द्यायचा आहे आणि टिप पूर्णपणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. तेव्हा अमेरिकेतल्या टक्केवारीवरून इथला अंदाज बांधू नये.

आता टिपचा हिशोब थोडा सविस्तर मांडतो, कारण फसगत इथेच होते. समजा, एका वेटरकडे पाच टेबले आहेत. सोमवार ते गुरुवार दुपार आणि रात्र मिळून त्याच्या टेबलांवर दहा बिले होतात आणि शुक्रवार ते रविवार दिवसाला अठरा बिले होतात. काही ग्राहक शंभर रुपये ठेवतात, काही तीस-चाळीस ठेवतात आणि बरेच जण काहीच ठेवत नाहीत. सगळ्यांची सरासरी काढली, तर आडवारी बिलामागे वीस रुपये आणि शुक्रवार ते रविवारच्या गर्दीत पंचवीस रुपये, हा अंदाज मध्यम दर्जाच्या शाकाहारी किंवा मिश्र रेस्टॉरंटसाठी मला वाजवी वाटतो. म्हणजे आडवारी दिवसाला २०० रुपये आणि गर्दीच्या दिवशी ४५० रुपये झाले. आठवड्याची सुट्टी नेहमी आडवारीच मिळते, त्यामुळे महिन्याच्या २६ हजेऱ्यांत १३ दिवस आडवारचे आणि १३ दिवस गर्दीचे धरले, तर २,६०० अधिक ५,८५० म्हणजे ८,४५० रुपये त्याच्या टेबलांवर पडतात.

हे ८,४५० रुपये त्याच्या हातात पडत नाहीत. बहुतेक व्यवस्थित रेस्टॉरंटांमध्ये बिलाच्या फोल्डरमध्ये बडीशेपेखाली राहिलेली नोट वेटरने काउंटरजवळच्या कुलूपबंद डब्यात टाकायची असते. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याच्या शेवटी, शटर अर्धे खाली ओढल्यावर, सगळ्यांसमोर डबा उघडतात, नोटा लावतात आणि हजेरीच्या वहीवरून वाटप करतात. सहा वेटर असलेल्या रेस्टॉरंटमध्ये वरच्या हिशोबाने महिन्याला साधारण ५०,००० रुपये जमतील. त्यातले २० टक्के, म्हणजे १०,००० रुपये, किचन आणि काउंटरसाठी बाजूला निघतात. उरलेले ४०,००० रुपये पॉइंटप्रमाणे वाटतात. कॅप्टनला तीन पॉइंट, वेटरला दोन आणि हेल्परला अर्धा असे धरले, तर दोन कॅप्टन, सहा वेटर आणि चार हेल्पर मिळून वीस पॉइंट होतात. एका पॉइंटला २,००० रुपये पडले, म्हणजे पूर्ण हजेरी असलेल्या वेटरच्या वाट्याला ४,००० रुपये आले. खाडे झाले, तर तेही त्या प्रमाणात कमी होतात.

ही वाटणी अन्यायाची आहे असे मला वाटत नाही. भाजी गरम आली, ताट स्वच्छ होते आणि टेबल लगेच पुसले गेले, म्हणून ग्राहक खूश झाला, त्यात किचनचा आणि हेल्परचा वाटा असतोच. शिवाय पूल, म्हणजे सगळ्यांची टिप एकत्र करून वाटण्याची पद्धत, असला की वर्दळीचा सेक्शन कोणाला द्यायचा यावरून मुलांमध्ये भांडणे होत नाहीत आणि ज्याच्या वाट्याला टॉयलेटशेजारचे टेबल येते त्याचेही नुकसान होत नाही. पण पॉइंटचा नियम सगळ्यांना माहीत असला पाहिजे आणि डबा सगळ्यांसमोर उघडला पाहिजे. जिथे मॅनेजर एकटा डबा उघडतो आणि प्रत्येकाला पाकीट देतो, तिथे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅनेजरने स्वतः टिपमधून पॉइंट घेणेही मला मान्य नाही, कारण वाटप करणारा आणि वाटा घेणारा एकच माणूस असू नये.

गेल्या काही वर्षांत टिप कमी होण्याचे एक मोठे कारण यूपीआय आहे. पूर्वी १,८४० रुपयांच्या बिलाला ग्राहक दोन हजार रुपये देत असे, फोल्डरमध्ये १६० रुपये परत जात आणि त्यातली शंभराची नोट उचलून तो साठ रुपये ठेवत असे. आता तो क्यूआर स्कॅन करून नेमके १,८४० रुपये भरतो आणि खिशात नोट नसल्यामुळे मनात असूनही काही ठेवू शकत नाही. मनापासून काम करणाऱ्या मुलांचे यात झालेले नुकसान मी रोज पाहतो आणि त्याचे मला वाईट वाटते. काही मालकांनी टिपसाठी वेगळा क्यूआर लावला आहे, तो चांगला उपाय आहे. मात्र भावाला सांगा की मालकाच्या परवानगीशिवाय स्वतःचा क्यूआर ग्राहकाला दाखवू नये, त्यावरून मुलांना तडकाफडकी काढले जाते. कार्डावर किंवा रेस्टॉरंटच्या क्यूआरवर दिलेली जादा रक्कम मालकाच्या खात्यात जमा होते, ती कामगारांना कधी आणि कशी देतात हे आधीच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०१६ रोजी आयटीसी कंपनीच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात अशी रक्कम मालकाकडे विश्वस्ताप्रमाणे असते आणि ती पगार नाही, असा निर्णय दिला आहे. त्यामुळे मालकाने तिच्यावर पगाराप्रमाणे टीडीएस (आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर) कापायचा नसतो. ती कामगाराचे इतर स्रोतांतून मिळालेले उत्पन्न ठरते, पण २०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नसल्याने तुमच्या भावाला त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

सेवाशुल्काबद्दलही थोडे सांगणे भाग आहे, कारण काही ठिकाणी टिपऐवजी त्यातला वाटा देण्याचे कबूल करतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बिलात सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, पण २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या एकल पीठाने रेस्टॉरंट मालकांच्या संघटनांच्या याचिका फेटाळून प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. म्हणून ‘दहा टक्के सेवाशुल्कातून तुला इतके मिळतील’ असे कोणी सांगितले, तर त्यावर घरखर्चाचा हिशोब बांधू नये.

परमिट रूमची टिप फॅमिली रेस्टॉरंटपेक्षा जास्त असते, हे खरे आहे. बिल मोठे असते, ग्राहक दोन-तीन तास बसतो, नेहमीचा असला तर वेटरला नावाने हाक मारतो आणि बरेच जण अजूनही रोखीत देतात. अनेक परमिट रूममध्ये पूल नसतो, ज्याची टिप त्याची, त्यामुळे हुशार मुलगा लवकर पैसे कमावतो. पण नव्या मुलाला सुरुवातीचे काही महिने चांगला सेक्शन कोणी देत नाही. श्रावणात गर्दी ओसरते, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि २ ऑक्टोबर यांसारखे ड्राय डे असतात आणि निवडणुकीत मतदान संपेपर्यंतच्या ४८ तासांत दारूविक्री बंद असते. त्या दिवसांची टिप जाते आणि पगार रोजंदारीवर असेल, तर तोही जातो. म्हणून त्या वीस हजारांच्या आश्वासनाचा मी असा अर्थ लावतो: चांगल्या महिन्यात पंधरा हजार, वाईट महिन्यात सहा हजार आणि वर्षाची सरासरी दहा हजारांच्या आसपास.

या अंदाजाने दोन्ही ठिकाणे शेजारी ठेवून पाहू. रेस्टॉरंटच्या १५,००० रुपयांतून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ११३ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातील, म्हणजे हातात १२,८८७ रुपये येतील. टिपचे ४,००० रुपये धरले, तर १६,८८७ रुपये झाले. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेच्या भाड्याने, राहायला ३,५०० रुपये गेले, तर १३,३८७ रुपये उरतात. पण पीएफ खात्यात त्याचे स्वतःचे १,८०० आणि मालकाच्या हिश्श्यातले ५५० मिळून दरमहा २,३५० रुपये साठतात. मालकाचे उरलेले १,२५० रुपये निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात, ते मी इथे मोजत नाही. बोनस कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के दराने वर्षाचे निदान सात हजार रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ५८० रुपये, धरता येतात. सगळे मिळून १६,३०० रुपयांच्या आसपास आकडा येतो. परमिट रूममध्ये पगार आणि टिप मिळून सरासरी २०,००० रुपये होतात आणि राहण्याचा खर्च नाही. नुसत्या रकमेत दुसरे ठिकाण महिन्याला साडेतीन हजारांहून अधिक सरस ठरते, हे मी मान्य करतो.

आता तास मोजा. रेस्टॉरंटमध्ये नऊ तासांच्या २६ हजेऱ्या म्हणजे २३४ तास झाले आणि तासाला जवळपास ७० रुपये पडले. महामार्गालगतच्या परमिट रूममध्ये सकाळी अकराला उघडून रात्री उशिरापर्यंत चालणारी ड्युटी, मधल्या ब्रेकचे तास वजा करूनही, साडेबारा तासांच्या खाली क्वचित येते आणि महिन्याला दोनच सुट्ट्या मिळतात. साडेबारा तासांचे २८ दिवस म्हणजे ३५० तास होतात आणि तासाला ५७ रुपये पडतात. कायद्याने जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा असतो, पण रोखीच्या पगारावर तो देणारा मालक मला फार क्वचित भेटला आहे. रेस्टॉरंटमध्येही ‘ब्रेक शिफ्ट’ असते, म्हणजे दुपारी चारला सुट्टी आणि सातला परत हजर. खोली लांब असेल, तर ते तीन तास वाया जातात, म्हणून कॉट शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावी.

ईएसआयचे महत्त्व वीस वर्षांच्या मुलाला पटत नाही, म्हणून मोठ्या भावाने ते पाहावे. तेल सांडलेल्या फरशीवर पाय घसरून मनगट मोडणे आमच्या कामात नवीन नाही. तसे झाले, तर टिप त्या दिवसापासून थांबते. ईएसआय असेल, तर उपचार होतात आणि कामावर झालेल्या दुखापतीसाठी रजेच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. साध्या आजारपणात पात्रता पूर्ण झाल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतो. हे सर्व नोंदवलेल्या वेतनावर मोजले जाते, टिपवर नाही. नोंदवलेला पगार टिपपेक्षा महत्त्वाचा आहे असे मी आग्रहाने म्हणतो, त्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

कपातीचेही आधीच विचारून घ्या. फुटलेल्या ग्लासचे पैसे, बिल न भरता निघून गेलेल्या ग्राहकाचे पैसे, केओटीत (किचनला दिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीत) चुकलेल्या पदार्थाचे पैसे असे करत काही ठिकाणी पगारातले दीड-दोन हजार सहज जातात. नुकसान कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले असेल, तरच कायदा अशी कपात करू देतो. टेबलावरून पळून गेलेल्या ग्राहकाचे बिल वेटरच्या माथी मारणे मला कधीच योग्य वाटले नाही. उचल घेण्याबाबतही सावध राहा. सुरुवातीलाच पाच-दहा हजारांची उचल अंगावर घेतलेला मुलगा काम पटले नाही तरी सोडू शकत नाही.

काही परिस्थितींत माझे उत्तर बदलेल. घरी तातडीचे कर्ज असेल आणि परमिट रूमचा मालक किमान वेतन बँकेतून द्यायला, ईएसआय काढायला आणि आठवड्याला एक सुट्टी द्यायला तयार असेल, तर वर्षभर तिथे काम करणे चुकीचे ठरणार नाही. भावाने हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतली असती, तर मी त्याला तारांकित हॉटेलात पाठवायला सांगितले असते, कारण तिथे सुरुवातीचा पगार फार मोठा नसला तरी कामाची शिस्त लागते आणि पुढे क्रूझ जहाजांचे दार उघडते. गोव्यातला हंगाम ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चांगली टिप देतो, पण पावसाळ्यात शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती रेस्टॉरंटे) बंद असतात. तिथे जाणाऱ्याने पावसाळ्यातल्या कामाची सोय आधी करून ठेवावी.

तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून मी भावाला पहिल्या ठिकाणी, म्हणजे फॅमिली रेस्टॉरंटमध्ये पाठवीन. रुजू होण्यापूर्वी त्याने नेमणूकपत्र मागावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ते देणे बंधनकारक आहे आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे पत्रात मूळ पगार किती दाखवला आहे, ते नीट वाचावे. टिपचा डबा कधी उघडतो, किचनचा वाटा किती आणि नव्या मुलाला पूर्ण पॉइंट कितव्या महिन्यापासून मिळतात, हे तिथल्या एखाद्या वेटरला ड्युटी संपल्यावर बाहेर चहा पिताना विचारावे, मॅनेजरच्या उत्तरापेक्षा ते अधिक खरे असते. पहिला पगार झाल्यावर पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक मागून घ्यावा आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस उमंग ॲपवर पीएफचे पासबुक उघडून १,८०० आणि ५५० या दोन्ही रकमा जमा झाल्या आहेत का, ते पाहावे. पगारातून कापलेले पैसे तिथे दिसत नसतील, तर मालकाशी लगेच बोलावे आणि पुढच्या महिन्यातही ते जमा झाले नाहीत, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार नोंदवून दुसरे काम शोधायला सुरुवात करावी. पुण्यात चांगल्या वेटरला काम मिळायला वेळ लागत नाही.